बियाचं तवसं आत्ताच राखून ठेवा

गणपती गेले. आरत्यांच्या दिवसांत परड्यातली पडवळं, दोडकी, भेंडी, लाल माठ सगळं कामी आलं, ऋषिपंचमीच्या भाजीसाठी तर वाडीतल्या प्रत्येकीने शेजारच्या मांडवाखाली हात घातला. आता मांडवावर जे लोंबतंय त्याकडे घरातलं कोणी फारसं बघत नाही. नेमके हेच दिवस बघण्याचे आहेत. पुढच्या मृगात "पडवळाचं बी संपलं हो, सोमवारी बघा" हे दुकानात ऐकायचं की नाही, ते येत्या पंधरा दिवसांत ठरतं.

कारण साधं आहे. बियासाठी ठेवलेलं फळ, मग ते तवसं (म्हणजे काकडी) असो की पडवळ, भाजीच्या फळापेक्षा महिना-दीड महिना जास्त वेलीवर राहावं लागतं. श्रावणात ठेवलेलं फळ त्या पावसात टोकाकडून कुजतं, आतल्या बिया काळ्या पडतात. आत्ता, भाद्रपदाच्या शेवटी धरलेलं फळ मात्र पाऊस माघारी फिरला की पिकतं. आपल्याकडे मॉन्सून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास जातो आणि मागोमाग ते कडक ऊन येतं. घाम काढणाऱ्या त्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण बी वाळवायला कोकणात त्यासारखा काळ नाही. याउलट दिवाळीपर्यंत थांबून, पानं करपलेल्या वेलीवर उरलेलं वाकडं, आखूड फळ "असू दे बियाला" म्हणून ठेवायचं, ही चूक बहुतेक घरांत होते. आमच्याही घरात कैक वर्षं होत होती. मरत्या वेलीकडे बी भरायला ताकद उरलेली नसते. दिसायला बी असतं, पण आत पोकळ.

बी मिळत नाही, ही तक्रार दर जूनला असते. आपल्या कृषी सेवा केंद्रांचं मे-जूनमधलं खरं काम म्हणजे भाताचं बियाणं आणि खत. भाजीची 10-20 ग्रॅमची पाकिटं हा त्यांचा जोडधंदा. एक पेटी आली, संपली की पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. त्यात मे महिन्यात आलेले चाकरमानी जाताना मुंबईच्या गॅलरीसाठी दोन-चार पाकिटं घेऊन जातात, त्यांचाही काही दोष नाही. भाजीचं बियाणं मुळात आपल्याकडे फारसं तयारही होत नाही. जालना, बुलढाण्याकडच्या कोरड्या हवेत, शेडनेटमध्ये ते तयार होतं आणि घाट उतरून येतं. आणि गावठी तवसं, चिबूड किंवा तुमच्या आजीच्या परड्यातलं ते हातभर पडवळ असलं काही कुठल्याही कंपनीच्या पाकिटात येत नाही. ते एकदा घरातून गेलं की गेलं.

2020 च्या टाळेबंदीत हे मला पहिल्यांदा नीट कळलं. दुकानं उघडी होती, पण माल वरून येत नव्हता. तीन दुकानं फिरले आणि हाती लागलं ते मुळ्याचं एक जुनं पाकीट. त्या वर्षी आमचा मांडव उभा राहिला तो सासूबाईंनी माळ्यावर राखेत ठेवलेल्या पडवळाच्या अठरा बियांवर. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या लोकांचं तर त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने होतं तेही नेलं.

फळ निवडताना

फळ निवडू नका, वेल निवडा. सगळ्यांत मोठं फळ हेरून ठेवायचा मोह होतो, पण तो एकुलता एक मोठा दोडका कदाचित रोगट वेलीवर, शेणखताच्या ढिगाशेजारी वाढलेला असतो. ज्या वेलीने लवकर फळ धरलं, आषाढाच्या झोडपणाऱ्या पावसातही जिची पानं हिरवी राहिली, जिची सगळी फळं एकसारखी आली, ती वेल बियाची. पानं पिवळ्या-हिरव्या नक्षीची, आकसलेली असतील तर तिच्यावरचं कितीही देखणं फळ बियाला धरू नये. चवळीत तर हा केवडा बियातूनही पुढच्या पिढीत जातो.

निवडलेल्या फळाच्या देठाला जुन्या साडीची लाल चिंधी बांधा. ही चिंधी दुसऱ्या कोणासाठी नाही, घरातल्यांसाठीच असते. आमच्या सासूबाई मांडवाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला सुनवायच्या, "बियाचा तवसा कोणी तोडूचा नाय!" आणि तरी एका वर्षी पाहुण्यांसाठी घाईत तवसोळी झाली ती त्याच तवशाची.

माणसांपेक्षा वानर वाईट. दीड महिना फळ वेलीवर ठेवायचं म्हणजे त्यांना आमंत्रणच. त्यामुळे घराला चिकटून असलेल्या मांडवावरचं, पानांआड झाकलेलं फळ धरा, आणि वर जुन्या शर्टाची बाही किंवा सुती पिशवी चढवा. त्या पिशवीचा दुसराही फायदा आहे: फळमाशी. पिकू लागलेलं कारलं आणि काकडी म्हणजे तिची अंडी घालायची जागा. सापळा लावायचा तर वेलभाज्यांसाठी क्यू-ल्यूर या माशीला ओढणाऱ्या वासाची गोळी लागते. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळा इथे आणून टांगला तर ही माशी त्यात येत नाही.

कडूपणाचंही पाहा. बियाला धरलेल्या वेलीवरचं दुसरं एखादं कोवळं फळ कापून जिभेला लावून बघा. कडू निघालं तर ती वेल बाद. दुधीच्या बाबतीत हे गमतीवर नेऊ नका. कडू दुधी थुंकून टाकायचा, शिजवायचा नाही, रस तर अजिबात काढायचा नाही. त्यातल्या विषारी द्रव्यामुळे उलट्या-जुलाब होऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत.

कोणाचं कोणाशी जुळतं

चिबडाशेजारी लावलं की तवसं बिघडतं, असं गावात ठामपणे सांगतात. तसं होत नाही. काकडी आणि चिबूड या वेगळ्या जाती, त्यांचं एकमेकांशी बी धरत नाही. लाल भोपळा, दुधी आणि कोहळा यांचंही तसंच, नावं आणि मांडव एक असले तरी घराणी वेगळी. शिवाय परका पराग आला तरी त्याचा परिणाम या वर्षीच्या फळाच्या चवीत दिसत नाही. तो बियात जातो आणि पुढच्या वर्षी मांडवावर उगवतो.

भेसळ होते ती एकाच भाजीच्या दोन वाणांत. तुमचं गावठी तवसं आणि शेजारच्या परड्यातली दुकानातली संकरित काकडी यांच्यामध्ये मधमाशीला कुंपण दिसत नाही. प्रमाणित बियाणं तयार करताना वेलभाज्यांच्या दोन वाणांत 500 मीटर अंतर ठेवायचा दंडक आहे. आमच्या वाडीत 500 मीटरमध्ये बावीस घरं आहेत! म्हणून दोन उपाय. पहिला, ठरवून एका वर्षी वाडीत एकाच वाणाची काकडी लावायची. हे कागदावर सोपं आहे. दुसरा उपाय खात्रीचा: हाताने परागीकरण.

त्यासाठी फुलांची वेळ ठाऊक हवी. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात आणि भोपळ्याचं तर दहाच्या आत मिटतंही. दोडका संध्याकाळी पिवळा होतो, दुधी दिवेलागणीला पांढरा, आणि पडवळ आपली झालरीची फुलं काळोख पडल्यावर उघडतं. म्हणूनच दोडका आणि घोसाळं शेजारी असूनही सहसा मिसळत नाहीत. एकाचं फूल उघडेपर्यंत दुसऱ्याचं मिटलेलं असतं.

भोपळ्याचं उदाहरण घ्या. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखू येते, टोकाला पिवळटपणा आलेला असतो. मादी कळीमागे इवलासा भोपळा असतो, नराला नुसता दांडा. दोन्ही कळ्यांची तोंडं आज संध्याकाळी दोऱ्याने हलकेच बांधायची. उद्या उजाडताच नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या, मधला परागाचा दांडा मादी फुलात फिरवायचा आणि मादीचं तोंड पुन्हा बांधून टाकायचं. शक्यतो नर दुसऱ्या वेलीवरचा घ्यावा. देठाला चिंधी. पाच मिनिटांचं काम आहे, पण पाऊस चालू असेल तर पराग भिजतो, मग दुसऱ्या दिवशी बघायचं. दुपारनंतर उमलणाऱ्यांसाठी कळ्या दुपारी बांधायच्या आणि कंदील नाही तर मोबाईलची बॅटरी घेऊन मांडवाखाली जायचं. पडवळाला मी हे एकदाच केलं, डास फार.

वाल आणि चवळीला यातलं काही लागत नाही, त्यांचं परागीकरण फूल उमलायच्या आतच उरकलेलं असतं. टोमॅटोही जवळजवळ तसाच. भेंडी, वांगी, मिरची मात्र स्वतःचं भागवतात आणि थोडी उधारीही करतात, तेव्हा दोन वाण असतील तर एक-दोन कळ्यांना कागदाची पिशवी घालावी. लाल माठाचा पराग वाऱ्यावर जातो; हिरवा माठ शेजारी फुलला असेल तर बियाची आशा सोडा.

बी काढणं

तवसं पिवळं-तपकिरी, जाळीदार होईपर्यंत राहू द्या. मग उभं चिरून गरासकट बी वाटीत काढा, दीड दिवस तसंच आंबू द्या, चोळून धुवा. तरंगतं ते फेका, तळाशी बसतं ते बी. टोमॅटोलाही हीच रीत. कारलं नारिंगी होऊन फुटायच्या बेतात आलं की तोडा, लाल गर चोळून काढा. पडवळ लालभडक होतं, त्याचंही तसंच. दोडका, घोसाळं आणि दुधी वेलीवरच सुकले पाहिजेत. हलवून खुळखुळ आवाज आला की झालं. ऑक्टोबरात एखादी अवेळी सर येते, तेव्हा अर्धा सुकलेला दोडका घरात आणून वाशाला टांगला तरी चालतो. भोपळा तोडल्यावर महिनाभर तसाच ठेवा, बी आतल्या आत भरत राहतं. भेंडीची शेंग शिरेवर तडकू लागली की काढा, नाहीतर बी अंगणात पडतं. वांगं पिवळं पडून लोळेपर्यंत ठेवायचं. मिरची लाल, देठ सुकलेली.

वाळवणं आणि ठेवणं

इथे कोकणातला माणूस हरतो. बी चांगलं असतं, पण हवा ओली असते.

पहिले दोन-तीन दिवस सुपात किंवा रोवळीत, सावलीत, वारा लागेल असं. त्यानंतर सकाळचं कोवळं ऊन, दहा-साडेदहापर्यंत. पत्र्यावर, सिमेंटच्या गच्चीवर भर दुपारी पसरलेलं बी वाळत नाही, भाजतं. चाळीस अंशांपुढे त्यातला जीव धोक्यात येतो. वर्तमानपत्रावर ओलं बी पसरलं तर ते चिकटून बसतं. ताट बरं. काकडी-भोपळ्याचं बी वाकवल्यावर न वाकता कट्‌ मोडलं आणि वालाचा दाणा दातांखाली न दबता फुटला की वाळलं समजा. प्रमाणित बियाण्यात वेलभाज्यांसाठी ओलाव्याची मर्यादा 7 टक्के आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण हा मोडण्याचा आवाज पुरतो. बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि हवा पाच अंशांनी थंड झाली तरी तसंच.

जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्याने हे काम बिनबोभाट केलं. खाली धग, वर धूर, आणि मडक्यात चाळलेली राख. गॅस आल्यावर तो माळा नुसता अडगळीचा झाला, आणि आपण मात्र बी तिथेच ठेवत राहिलो. आज मी करते ते असं: बी कागदी पुडीत, पुडीवर नाव, वाडी आणि महिना. पुड्या काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत. तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, साधारण बियाच्या वजनाइतकीच. तांदूळ कढईत मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचे आणि गरम असतानाच कोरड्या स्टीलच्या डब्यात झाकून निववायचे, नाहीतर थंड होता होता ते हवेतलं पाणी पिऊन बसतात. पंधरा दिवसांनी पुरचुंडी एकदा बदलायची. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या असतील तर त्या आधी सुकवून घ्या, बहुतेक त्या अगोदरच ओल्या झालेल्या असतात.

फ्रिज चालतो, पण माझा अनुभव सांगते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, आमच्याकडे आठवडाभर वीज नव्हती. माझ्या बिया फ्रिजमध्ये साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. आत पाणी सुटलं, आणि वीज आली तेव्हा मिरचीच्या बियांवर पांढरी बुरशी होती. दोष फ्रिजचा नव्हता. घट्ट बरणीत असत्या तर वाचल्या असत्या. आणि फ्रिजमधली बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये; रात्रभर तशीच ठेवावी, नाहीतर थंड बियांवर दव धरतं.

एक गोष्ट लक्षात घेतली की घाबरायला नको. ऑक्टोबरात काढलेलं बी जूनमध्ये पेरायचं असेल तर त्याला मधला सगळा काळ तसा कोरडाच मिळतो, राखेचं मडकंही पुरतं. खरी परीक्षा उरलेल्या बियाची, ज्याला पुढचा अख्खा पावसाळा काढायचा असतो. मिरची, कांदा, भेंडी यांचं बी तसंही एक-दोन वर्षांचंच, ते जपत बसू नये. वेलभाज्या, टोमॅटो, वांगी नीट ठेवली तर तीन-चार वर्षं उगवतात.

वाल-चवळीचा शत्रू भुंगा. त्याची अंडी शेतातूनच शेंगेवर येतात, म्हणून डबा कितीही स्वच्छ असला तरी तो निघतो. खडखडीत वाळवून किलोला चहाचा चमचाभर खोबरेल तेल हाताने चोळा, प्रत्येक दाण्याला पुसट लागलं पाहिजे. आमच्याकडे त्यात दोन बिब्बेही टाकतात.

विकत घ्यायचं ते कधी

सगळं घरी होत नाही आणि व्हायची गरजही नाही. रब्बीचं, म्हणजे मुळा, माठ, मिरची-वांग्याचं बी, वाल, हे आत्ता नवरात्राच्या आधीच घेऊन टाका. पावसाळी भाज्यांचं शिमग्यानंतर ते अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्याहून फार लवकर, पौषात वगैरे गेलात तर गेल्या हंगामाचा उरलेला माल हाती पडतो. रोहिणीत गेलात तर काहीच नाही. घेतल्यावर पाकीट न फोडता त्याच बरणीत.

पाकिटावरचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. चाचणीची तारीख, वैधता आणि उगवणशक्ती. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून 9 महिने असते, त्याचं लेबल निळं. काकडीवर्गीयांना किमान 60 टक्के, भेंडीला 65, वांग्याला 70 टक्के उगवण अपेक्षित असते. पावती आणि रिकामं पाकीट चार बियांसकट जपून ठेवा. बी उगवलं नाही तर तालुका कृषी कार्यालयात त्यावाचून कोणी दाद देत नाही. गुलाबी-हिरवा रंग चढवलेलं बी औषध लावलेलं असतं, ते हाताळून मुलांनी तोंडात बोटं घालू नयेत.

बी पुढे ठेवायचं असेल तर 'संकरित' घेऊ नका, 'सुधारित' किंवा 'सरळ वाण' मागा. संकरिताचं बी उगवतं, पण प्रत्येक वेल वेगळ्याच वळणाची निघते. आपल्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या पावसासाठीच निवडलेले आहेत: पडवळात कोकण श्वेता, दोडक्यात कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा, काकडीत शीतल, चवळीत कोकण सदाबहार. दुकानात नसतील तर विद्यापीठात आणि आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी, तीही मे महिन्याच्या आत. घरी बी ठेवणं, बदलून घेणं यात कायद्याची भीती बाळगू नका. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला ते हक्क दिले आहेत. नोंदणीकृत वाणाचं बी त्याच्या नावाच्या पाकिटात घालून विकता येत नाही, एवढंच.

एका तवशात दोन-तीनशे बिया सहज निघतात. घराला लागतात पंधरा. म्हणून वाडीत वाटणी करा: कोणी फक्त तवसं धरावं, कोणी पडवळ, कोणी वाल. एकेका घरात एकच भाजी बियाला राहिली की लक्षही नीट राहतं. आणि एक पुडी दुसऱ्या गावात, माहेरी, नाहीतर मुंबईच्या भावाकडे असू द्या. आपल्या घरात पाणी शिरलं, कौलं उडाली, तरी बी कुठेतरी शिल्लक असतं.

सुरण, करांदे, हळद, आलं यांचं बी म्हणजे कंदच. काढणीच्या वेळी निरोगी गड्डे बाजूला काढून, सावलीत, कोरड्या मातीत नाहीतर पेंढ्यात झाकून ठेवावेत. महिन्यातून एकदा उघडून बघायचं आणि मऊ लागेल तो काढून टाकायचा.

पेरण्याआधी, रोहिणी लागायच्या सुमाराला, प्रत्येक पुडीतल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. पाणी निथळेल एवढं नको, दमट पुरे. वाल-चवळी चार दिवसांत मोड दाखवते, काकडी-भोपळा पाच-सहा दिवसांत. कारलं आणि पडवळ सावकाश, त्यांना दहा-बारा दिवस द्या, आणि त्यांचं टणक कवच टोकाला नखकापणीने किंचित कापलं तर बरं. दहांतल्या सात-आठ बियांना मोड आले तर आळ्यात नेहमीसारख्या तीन बिया. पाचांना मोड आले तर पाच-सहा टाका आणि उगवलेल्यांतल्या दोन ठेवा. दोन-तीनांनाच मोड आले तर आळं रिकामं ठेवून त्याच दिवशी शेजारी विचारा, अजून मृगाला वेळ असतो. फडक्यातली मोड आलेली बी फेकू नका. मोड जपून, अलगद कुंडीत लावली की तीच पहिली रोपं.